उन्हाळी हिमालय शिबिर : सामान कसे बांधावे?



एप्रिल-मे महिन्यांत आपल्या मादन हिप्परग्यात पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो. दुपारी रस्ते ओस पडतात आणि जो तो सावली शोधतो. नेमक्या त्याच दिवसांत हिमालयात बर्फ वितळू लागतो, वाटा मोकळ्या होतात आणि तंबूतील मुक्कामाची, पदभ्रमणाची शिबिरे सुरू होतात. युथ होस्टेल्स असोसिएशनची कसोलहून निघणारी सार पासची मोहीम मराठी मुलांमध्ये चांगलीच परिचित आहे. बर्फावर घसरण्याचा खेळ, म्हणजे स्कीइंग, हा मुख्यतः हिवाळ्यातला. गुलमर्ग, औली, सोलंग येथे तो थंडीत चालतो. उन्हाळ्यात बर्फ हवा असेल तर रोहतांग खिंडीसारख्या उंच जागी जावे लागते, तेही रस्त्यावरचे बर्फ हटवून वाट खुली झाल्यावरच.

अशा दहा-बारा दिवसांच्या शिबिराला जायचे ठरले की घरात पहिला प्रश्न येतो, ‘काय काय न्यायचे?’ मग शेजारी, मामा, आजी असे सगळे मिळून यादी वाढवत नेतात. हा पाठ त्या यादीविषयी आहे. पण केवळ यादी पाठ करून उपयोग नाही, प्रत्येक वस्तूमागचे कारण कळले पाहिजे. कारण समजले तर यादीत नसलेली अडचणही आपल्याला सोडवता येते.

आधी हवामान समजून घेऊ

आपला भाग समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर आहे. रोहतांग खिंडीची उंची ३,९७८ मीटर आहे. दर १,००० मीटर वर गेले की तापमान सरासरी साडेसहा अंश सेल्सिअसने उतरते, हे आपण भूगोलात शिकलो. दोन्ही ठिकाणांच्या उंचीत जवळजवळ ३,५०० मीटरचा फरक आहे. म्हणजे केवळ उंचीमुळे तेथील तापमान बावीस-तेवीस अंशांनी कमी असणार. त्यात वारा, ढग आणि पायाखालचे बर्फ यांची भर घाला. रात्री तर पारा शून्याखालीही जातो.

दुसरी गोष्ट हवेची. ४,००० मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठच्या दाबाच्या साठ टक्क्यांच्या आसपासच उरतो. म्हणून चार पावलांत धाप लागते. येथे सहज उचलतो ते ओझे तेथे दुप्पट वाटते. यावरून दोन गोष्टी ठरतात : सामान उबदार हवे आणि हलकेही हवे. या दोन्हींचा मेळ घालणे म्हणजेच सामान बांधणे.

सुती कापड आणि आजोबांची घोंगडी

आपल्या उन्हाळ्यात सुती कपड्यासारखे सुख नाही. सूत घाम शोषून घेते, तो घाम वाऱ्यावर हळूहळू उडतो आणि उडताना अंगातली उष्णता घेऊन जातो. म्हणून गार वाटते. आता हाच गुण बर्फात नेऊन पाहा. चालताना घाम येतो, बर्फावर पडलो की कपडे भिजतात, दुपारी पाऊस किंवा गारा येतात. सुती कापड सगळे पाणी धरून ठेवते, अंगाला चिकटते आणि लवकर वाळत नाही. पाणी हवेच्या मानाने सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेते. येथे आपल्याला वाचवणारे कापड तेथे अंगातली ऊब काढून घेते. जीनची पँट तर सर्वांत वाईट. ती जाड असते म्हणून उबदार असेल असे वाटते, पण एकदा भिजली की दिवसभर ओली, जड आणि गार राहते.

आता घोंगडीचा विचार करा. आपल्या भागातील धनगर बांधव पावसाळ्यात मेंढरांमागे जाताना डोक्यावरून घोंगडी घेतात, कन्नडमध्ये तिला कंबळी म्हणतात. पावसात भिजूनही तिच्याखाली ऊब टिकते. याचे कारण लोकरीच्या तंतूत आहे. हे तंतू कुरळे असतात, त्यांच्यामध्ये हवा अडकून राहते आणि ती हवाच थंडीला आडवते. शिवाय लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओलावा पोटात घेते, तरी अंगाला ओली लागत नाही. डोंगरावर चढणाऱ्यांची लोकरी बनियन आणि आपल्या आजोबांची घोंगडी एकाच तत्त्वावर काम करतात. घोंगडी मात्र घरीच राहू द्या, ती फार जड होते. तिचे तत्त्व तेवढे बरोबर न्या.

तीन थर

एकच जाड कोट नेण्यापेक्षा एकावर एक तीन थर घालणे चांगले. चढताना एक काढता येतो, थांबल्यावर पुन्हा घालता येतो.

पहिला थर अंगालगतचा. लोकरी किंवा कृत्रिम धाग्याचा पूर्ण बाह्यांचा बनियन आणि तशीच लेंगी, ज्याला दुकानात थर्मल म्हणतात. दोन जोड पुरे. खेळाच्या गणवेशाचा पॉलिएस्टरचा टी-शर्टही चालतो.

दुसरा थर उबेचा. घरी विणलेला लोकरी स्वेटर उत्तम. फ्लीसचे जाकीट असेल तर तेही हलके पडते.

तिसरा थर वारा व पाणी अडवणारा. टोपीचे विंडचीटर आणि वरून घालायची पावसाळी पँट. स्कीइंग शिकणारा पहिले दोन दिवस घसरण्यापेक्षा बसतोच अधिक, म्हणून पँट पाणी अडवणारी हवीच. मनालीहून रोहतांगच्या वाटेवर बर्फाचे कोट आणि बूट भाड्याने मिळतात. स्कीच्या पट्ट्या, त्यांचे बूट आणि काठ्याही तेथेच घ्यायच्या असतात. त्या विकत घेण्याच्या भानगडीत कोणी पडू नये.

याखेरीज एक नियम आम्ही प्रत्येक विद्यार्थ्याला सांगू इच्छितो : झोपायचा एक कोरडा जोड वेगळा ठेवा. बनियन, लेंगी, लोकरी पायमोजे आणि कानटोपी असा तो जोड जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधावा आणि तंबूत शिरल्यावरच उघडावा. सकाळी कालचे ओलसर कपडे पुन्हा अंगावर चढवणे जिवावर येते. तरीही तेच घालावेत आणि कोरडा जोड परत पिशवीत जावा. चालू लागले की दहा मिनिटांत अंग तापते. पण रात्री कोरडे कपडे नसतील तर ऊब आणायची कोठून?

याला इतके महत्त्व देण्याचे कारण आहे. अंगाचे तापमान घसरण्यासाठी शून्याखालचीच थंडी लागते असे नाही. ओले कपडे आणि वारा असेल तर आठ-दहा अंशांतही ते घडते. आधी हुडहुडी भरते, मग बोटे ऐकत नाहीत, बोलणे अडखळते. पुढे हुडहुडी थांबते. तेव्हा बरे वाटू लागले असे समजू नका, धोका वाढलेला असतो. अशा मित्राला एकटे सोडू नये. त्याला आडोशाला न्यावे, ओले कपडे काढून कोरडे घालावेत, पांघरुणात गुंडाळावे, शुद्धीवर असेल तर गरम गोड पेय द्यावे आणि ताबडतोब शिबिरप्रमुखांना बोलवावे. त्या वेळी कोणाच्या तरी सॅकमधला कोरडा जोड औषधाइतकाच मोलाचा ठरतो.

पाय, हात, डोके आणि डोळे

बूट नवे कोरे नेऊ नयेत. निघण्याआधी किमान तीन आठवडे ते घालून शेताच्या बांधावरून, आळंदच्या रस्त्याने रोज चालावे. फोड यायचे ते येथेच येऊन जाऊ देत. लोकरी पायमोजे तीन जोड न्यावेत. स्कीच्या बुटात मात्र एकच मोजा घालावा. दोन घातले तर पाय आवळला जातो, रक्त नीट फिरत नाही आणि पाय अधिकच गार पडतो.

हातमोजे दोन जोड : एक लोकरी, एक पाणी अडवणारा. कान झाकणारी टोपी एक आणि उन्हासाठी कडा असलेली टोपी एक. काळा चष्मा विसरू नका, तो शोभेची वस्तू नव्हे. ताजे बर्फ सूर्याचे अतिनील किरण ऐंशी टक्क्यांपर्यंत परत फेकते. चष्म्याशिवाय काही तासांतच डोळे लाल होऊन चुरचुरतात, काही वेळ दिसेनासेही होते. त्वचेसाठी उन्हाचे मलम आणि ओठांसाठी व्हॅसलीन लागते.

पाठीवर किती?

२०२० च्या राष्ट्रीय दप्तर धोरणाने शाळेच्या दप्तराचे वजन विद्यार्थ्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत असावे असे म्हटले आहे. शिबिरात थोडे अधिक लागते, पण शाळकरी मुलाने पंधरा टक्क्यांच्या पुढे जाऊ नये असे आम्हाला वाटते. गणित करून पाहू. विद्यार्थ्याचे वजन ४५ किलो असेल तर पंधरा टक्के म्हणजे ६.७५ किलो. रिकामी सॅक दीड किलो, एक लिटर पाणी एक किलो. उरले सव्वाचार किलो. कपडे, खाऊ, औषधे, टॉर्च, ताट-वाटी-पेला सारे यात बसवायचे आहे. आता ती जीनची पँट काट्यावर ठेवा आणि मग ठरवा.

स्लीपिंग बॅग आणि पांघरुणे अनेक शिबिरांत आयोजकच देतात. आधी विचारून घ्यावे.

सॅक भरताना रात्री लागणारे तळाशी, जड वस्तू मध्यभागी पाठीलगत आणि पाऊस आल्यास लगेच लागणारे सर्वांत वर ठेवावे. आत एक मोठी प्लास्टिकची पिशवी अस्तरासारखी घालून तिच्यात सगळे भरावे. ती पिशवी आणि खाऊचे रिकामे कागद परत घरी आणायचे, डोंगरावर टाकायचे नाहीत.

प्रवासाचे कपडे वेगळे ठेवावेत. कलबुर्गीहून दिल्लीला रेल्वेने एक दिवस-रात्र सहज जाते आणि मे महिन्यात तो सारा प्रवास उन्हाचाच असतो. तेथे आपले सुती कपडेच हवेत. मुख्य तळावर ते एका पिशवीत बांधून ठेवता येतात का, हेही आयोजकांना विचारावे.

शिदोरी आणि औषधे

आईला वाटते, लेकरू उपाशी राहील. म्हणून डबे वाढत जातात. खरे तर शिबिरात जेवण मिळते, आपल्याला हवे ते मधल्या वेळेचे. त्यासाठी आपल्या भागाकडे पिढ्यान्‌पिढ्यांची उत्तरे आहेत. कडक भाकरी कित्येक दिवस टिकते, वजनाला हलकी असते. फक्त तिचा चुरा होऊ नये म्हणून डब्यात ठेवावी. शेंगाचटणी, गूळ-शेंगदाणे आणि थोडे खारीक-खोबरे एवढे पुरे. तांदूळ-डाळ नेऊ नये. उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने ४,००० मीटरवर पाणी सुमारे ८७ अंशांनाच उकळते. कुकरशिवाय तेथे तुरीची डाळ शिजता शिजत नाही.

औषधांत रोजची स्वतःची औषधे, जखमेची पट्टी, क्षारसंजीवनीची पाकिटे आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली तापाची गोळी असावी. दमा, हृदयविकार किंवा फिट येण्याचा त्रास असेल तर तो लपवू नये. उंचीवर डोके दुखणे, मळमळ, झोप न येणे अशी लक्षणे दिसली तर तेथेच थांबावे आणि सांगावे. त्रास वाढला तर खाली उतरणे हाच उपाय. सांगायला लाजणारा विद्यार्थी स्वतःलाच नव्हे तर सगळ्या तुकडीला अडचणीत आणतो.

विश्वस्त मंडळींस

उष्ण पठारावरची माणसे बर्फात टिकतील का, अशी शंका कोणी काढू नये. १९ मे २०१२ रोजी पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’ संस्थेचे आठ गिर्यारोहक उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखालील मोहिमेत एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले. तेही आपल्यासारख्याच दख्खनच्या उन्हात वाढलेले. अडचण येते ती सामानाच्या खर्चाची. एका शिबिरासाठी सॅक, विंडचीटर, हातमोजे विकत घेणे शेतमजुराच्या घराला परवडत नाही आणि जाण्याची पात्रता असलेले मूल घरी राहते. या वस्तू वर्षातून पंधरा दिवस लागतात, एरवी पेटीत पडून असतात. ग्रंथालयात पुस्तके असतात त्याप्रमाणे शाळेने दहा मुलांचे साहित्य एका कपाटात ठेवले, नोंदवहीत लिहून दिले आणि धुऊन परत घेतले, तर ते अनेक वर्षे पुरेल. घरोघरीचे लहान झालेले स्वेटरही त्यात जमा होऊ शकतील. यावर मंडळाने विचार करावा, ही विनंती.

करून पाहा

१. सारख्या आकाराचे सुती आणि लोकरी कापडाचे तुकडे घ्या. कोरडे असताना वजन करा. दोन्ही भिजवून, पिळून पुन्हा वजन करा. कोणी किती पाणी धरले?

२. दोन सारख्या पेल्यांत सारखेच गरम पाणी घ्या. एकाला ओले सुती, दुसऱ्याला ओले लोकरी कापड गुंडाळून वाऱ्यात ठेवा. वीस मिनिटांनी तापमान मोजा.

३. आपल्या वजनाचे पंधरा टक्के काढा. तेवढ्या वजनात बसेल अशी दहा दिवसांच्या सामानाची यादी करा आणि प्रत्येक वस्तूसमोर ती का न्यायची ते एका वाक्यात लिहा. ज्या वस्तूसमोर कारण लिहिता येणार नाही, ती यादीतून काढून टाका.