परसातली स्ट्रॉबेरी, ताटातली नागली

स्ट्रॉबेरी म्हटले की महाबळेश्वर-पाचगणी आठवते. पण पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ भागातही काही आदिवासी शेतकऱ्यांनी हे पीक घेऊन दाखवले आहे. हीच रोपे परसबागेत लावली तर घरच्यांच्या आरोग्याला काय लाभ होईल, ते पाहू.

१९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीत कुपोषणाने बालके दगावली. कुपोषण आणि रक्तक्षय हे प्रश्न आजही सुटलेले नाहीत. येथील जेवणात नागली, उडीद, पालेभाज्या असतात. त्यांत लोह असते. मात्र वनस्पतींतले लोह शरीरात थोडेच शोषले जाते. त्याच जेवणात 'क' जीवनसत्त्व असेल तर ते अधिक शोषले जाते. मध्यम आकाराच्या ८-९ स्ट्रॉबेरींत, म्हणजे सुमारे १०० ग्रॅम फळांत, जवळपास ६० मिलिग्रॅम 'क' जीवनसत्त्व मिळते.

लागवड कशी करावी?

१. पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरमध्ये, पाणी साचणार नाही असा उंच गादीवाफा करा. मातीत कुजलेले शेणखत मिसळा.
२. खात्रीच्या रोपवाटिकेतून रोपे आणा. दोन रोपांत एक फूट अंतर ठेवा. रोपाचा मधला कोंब मातीत गाडू नका, तो कुजतो.
३. भाताचा पेंढा अंथरा. ओल टिकते आणि फळ मातीला लागत नाही.
४. पाणी थोडे थोडे, पण नियमित द्या. मोखाड्यात उन्हाळ्यात टंचाई असते. म्हणून पाण्याच्या सोयीप्रमाणे १५-२० रोपेच लावा.
५. घरी खायचे फळ आहे, विषारी फवारणी टाळा.

साधारण दोन-अडीच महिन्यांत फळे येऊ लागतात. पूर्ण लाल झाल्यावर तोडा, स्वच्छ पाण्याने धुवा आणि जेवणाबरोबर कच्चीच खा. शिजवल्याने 'क' जीवनसत्त्व घटते. लहान मुलांना बारीक तुकडे करून द्या. जेवणानंतर तासभर चहा घेऊ नका. चहामुळे लोहाचे शोषण कमी होते.

स्ट्रॉबेरी हे औषध नव्हे. गरोदर मातांनी लोहाच्या गोळ्या बंद करू नयेत; डाळ, अंडी यांची जागाही हे फळ घेऊ शकत नाही. हंगाम संपल्यावर तेच काम पेरू, आवळा, लिंबू करतात.

बाजारात भाव चांगला मिळतो, म्हणून सगळी फळे विकली जातात आणि घरातले लेकरू तसेच राहते. माता-भगिनींनो, पहिली वाटी घरातल्या बालकासाठी आणि गरोदर सुनेसाठी काढून ठेवा. उरलेली टोपली खुशाल बाजारात न्या.