बिल्ला घेण्याआधी खिशात व्हर्नियर ठेवा

भोसरी-चाकणच्या टूलरूममध्ये हात काळे केलेला माणूस रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात गेला की लष्करी पदकांपाशी हटकून उकिडवा बसतो. आपला डोळा धातूचा, आपण कशाला फसतोय, असं त्याला वाटतं. मी फसलोय. म्हणून ही यादी.

काय करावे

आधी कड वाचा. पहिल्या महायुद्धाच्या चांदीच्या 'ब्रिटिश वॉर मेडल'च्या कडेवर सैनिकाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठशांनी ठोकलेली असते. अशी पदकं लाखांनी निघाली, त्यामुळे किंमत येते ती नावाला आणि पलटणीला.

मग व्हर्नियर लावा. व्यास ३६ मिलिमीटर भरायला हवा. अस्सल पदकावरून साचा काढून ओतलेली नक्कल थंड होताना आकसते आणि अर्धाएक मिलिमीटर कमी भरते. एकाच जागी मोजून थांबू नका, पदक फिरवत राहा. नाव असलेल्या भागातच माप उतरलं, तर तिथे कानस फिरली आहे, म्हणजे जुनं नाव घासून नवं टाकलंय.

दुसऱ्या महायुद्धातले तारे उलटे करून बघा. भारतीय सैनिकांना दिलेल्यांवर मागे नाव असतं, ब्रिटिश सैनिकांचे कोरे असतात. म्हणजे कोरा तारा खोटाच असं नाही. मी घेतलेला बर्मा स्टार कोरा होता, पण घरी आल्यावर पाठीवर अंगठा फिरवला तर वाळूचा खरखरीतपणा लागला. भिंगाखाली बारीक भोकं, अक्षरांच्या कडा वितळल्यासारख्या. डायखाली ठोकलेला माल असा नसतो. आमच्या क्यूसीवाल्याने हा पीस गेटवरूनच परत पाठवला असता.

महार रेजिमेंटच्या जुन्या बिल्ल्याबाबत सबुरी धरा. १९४१ साली उभ्या राहिलेल्या या रेजिमेंटच्या बिल्ल्यावर आधी कोरेगावचा जयस्तंभ होता, पुढे त्याच्या जागी खंजीर आला. कोरेगाव भीमा चाकणहून फार लांब नाही, त्यामुळे इकडे स्तंभ दिसला की हात आपोआप पाकिटाकडे जातो. विकणाऱ्यालाही ते ठाऊक असतं.

काय टाळावे

पितांबरी. ब्रासोही नको. शंभर वर्षांचा काळपटपणा एका दुपारी जातो आणि किंमतही त्याच्याबरोबर जाते.

जोडी फोडू नका. एकाच नंबरची दोन पदकं एकत्र आली असतील तर एकत्रच ठेवा.

आजोबांचं पदक सराफाकडे तर मुळीच नेऊ नका. तो चांदीचा भाव देईल आणि नाव मुशीत जाईल.

परदेशी गिऱ्हाईकाला कुरिअर करू नका. १९७२च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांवरच्या वस्तू खासगी माणसाला बाहेर पाठवता येत नाहीत आणि त्यांचा धंदा करायला परवाना लागतो. पहिल्या महायुद्धाची पदकं आता त्या वयाची झाली आहेत.

फौजी असल्याचं भासवायला बिल्ला लावू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली तो गुन्हा आहे.

छावणीतल्या दुकानांतले चकचकीत 'कोर्ट माउंट' संच जुने म्हणून घेऊ नका. माजी सैनिक समारंभात लावायला प्रतिकृती करून घेतात, त्यात लबाडी काही नाही. लबाडी सुरू होते ती ते चहात बुडवून सतरंजीवर मांडले की.

कुणी परमवीर चक्र दाखवलं तर भावाची बोलणीच करू नका. आजवर २१ जणांनाच ते मिळालंय. त्यातले एक, रामा राघोबा राणे, आपल्या शेजारच्या खडकीत केंद्र असलेल्या बॉम्बे सॅपर्सचे. सतरंजीवरचं चक्र एक तर खोटं, नाही तर चोरीचं.

आणि कुणा सैनिकाच्या घरी खरेदीला गेलात तर चहा संपायच्या आत आकडा काढू नका. कड मोठ्याने वाचून दाखवा. नंबर, नाव, पलटण कागदावर लिहून त्यांच्याकडे ठेवा. नाव ऐकून म्हातारी विकायचं नाही म्हणाली, तर चहा पिऊन निघा.