रुग्णाची इंग्रजी : प्रश्नपरीक्षेतील एक उपेक्षित अंग



रुग्णपरीक्षणाचे दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न असे तीन मार्ग वाग्भटाचार्यांनी सांगितले आहेत. पहिल्या दोहोंसाठी भाषा लागत नाही; नाडीला मातृभाषा नसते. तिसरा मार्ग मात्र सर्वस्वी भाषेवर अवलंबून आहे, आणि रुग्ण ज्या भाषेत बोलतो ती भाषा आपल्याला कळते असे आपण फार लवकर गृहीत धरतो. प्रस्तुत लेखकाने तसे गृहीत धरले होते. त्याची हकिकत प्रथम सांगतो, म्हणजे या विषयाचे प्रयोजन वेगळे सांगावे लागणार नाही.

माझा दवाखाना सिंधुदुर्गाच्या दक्षिण टोकाला, गोव्याच्या सीमेपासून अर्ध्या तासाच्या अंतरावर आहे. हिवाळ्यात गोव्याच्या किनाऱ्यावर मुक्कामाला आलेले काही विदेशी पाहुणे स्नेहन-स्वेदनासाठी माझ्याकडे येतात. काही वर्षांपूर्वी साठी ओलांडलेले एक ब्रिटिश गृहस्थ जानुसंधिगत वाताच्या उपचारासाठी आले. पूर्ववृत्त घेताना रक्तदाबाच्या गोळ्यांविषयी विचारले. ते म्हणाले, ‘आय हॅव कम ऑफ द टॅब्लेट्स.’ ‘टॅब्लेट्स’ हा शब्द कानावर पडला, रक्तदाबही त्या दिवशी १३८/८६ भरला, आणि मी केसपेपरवर लिहिले : ‘रक्तदाबाच्या गोळ्या सुरू.’ सहाव्या दिवशी ते डोके धरून आले. रक्तदाब १९०/११०. त्यांना तत्काळ रुग्णालयात पाठवले. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या आणि सुदैवाने पुढील अनर्थ टळला. आयुर्वेदीय औषधांसोबत दुसरे काही घ्यायचे नसते, अशा समजुतीने त्यांनी येण्यापूर्वी दोनच दिवस आधी गोळ्या सोडल्या होत्या. ‘कम ऑफ’ म्हणजे औषध सोडणे. त्यांनी मला ते पहिल्याच भेटीत स्वच्छ सांगितले होते. मला ते ऐकूच आले नाही.

माझे शालेय शिक्षण मराठी माध्यमातून झाले. बी.ए.एम.एस.च्या अभ्यासक्रमात इंग्रजी परिभाषा भरपूर कानावर पडली. ‘हायपरटेन्शन’, ‘सिंकोपी’, ‘डिस्पेप्सिया’ हे शब्द झोपेतही सांगता येतील. परंतु रुग्ण असे बोलत नाही. तो घरचे इंग्रजी बोलतो, आणि घरचे इंग्रजी हे ‘कम’, ‘गो’, ‘पास’, ‘थ्रो’, ‘रन’, ‘ब्रेक’ अशा लहानशा क्रियापदांवर उभे असते. त्यांना ‘अप’, ‘आउट’, ‘ऑफ’, ‘डाउन’, ‘ओव्हर’ असे शब्द जोडले की अर्थ पार बदलतो. इंग्रजीत या जोडक्रियापदांना ‘फ्रेजल व्हर्ब’ म्हणतात. लोगन पिअरसॉल स्मिथ यांनी १९२५ मध्ये आपल्या ग्रंथात हे नाव रूढ केले. त्याची सूचना ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांची होती.

आता, ज्याने संस्कृतातून संहिता वाचल्या आहेत त्या वैद्याला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. ‘हृ’ हा एकच धातू घ्या. ‘आ’ लागला की आहार, ‘वि’ लागला की विहार, ‘प्र’ लागला की प्रहार, ‘सम्’ लागला की संहार, ‘परि’ लागला की परिहार. धातूचा मूळ अर्थ नेणे. पण आहाराचा आणि प्रहाराचा संबंध कोणी केवळ धातूवरून सांगू शकेल काय? उपसर्ग धात्वर्थाला बळाने दुसरीकडे ओढून नेतो, हे आपण पहिल्या वर्षीच शिकलो. इंग्रजीचा उपसर्ग क्रियापदाच्या मागून चालतो, एवढाच फरक. शिवाय तो कधी कधी दोन-तीन शब्द सोडून वाक्याच्या शेवटी जाऊन बसतो. ‘शी थ्रू हर ब्रेकफास्ट अप’ या वाक्यात ‘अप’ची वाट पाहिली नाही, तर बाईंनी न्याहारी फेकून दिली असे वाटेल. प्रत्यक्षात ती छर्दि आहे. म्हणून पहिला नियम : वाक्य संपेपर्यंत लेखणी टेकवू नये.

‘पास’ या एका क्रियापदाचा परिवार पाहावा. ‘पास आउट’ म्हणजे शुद्ध हरपणे, मूर्च्छा. ‘पास अवे’ म्हणजे निधन. ‘पास वॉटर’ म्हणजे मूत्रप्रवृत्ती, ‘पास विंड’ म्हणजे अपान वायू सरणे, ‘पास अ स्टोन’ म्हणजे मूतखडा पडून जाणे. ‘पास ऑन’ तर दुहेरी आहे : निरोप पोचवणे, रोगाचा संसर्ग दुसऱ्याला देणे, आणि सौम्य भाषेत मरणेही. त्यात आपल्याकडील एक प्रयोग गोंधळ वाढवतो. आपण सर्रास म्हणतो, ‘मी अमुक साली कॉलेजमधून पास आउट झालो.’ भारतात हे पदवी मिळवण्याविषयी आहे हे सर्वांना कळते. तेच वाक्य लंडनच्या माणसासमोर उच्चारले, तर हे वैद्यराज महाविद्यालयात बेशुद्ध पडले होते असे तो समजेल आणि सहानुभूती दाखवील. उलट दिशेने होणारी चूक मात्र हसण्यासारखी नाही. ‘माय हजबंड पास्ड आउट ट्वाइस’ असे कोणी दूरध्वनीवर सांगितले, तर तेथे मूर्च्छेची चिकित्सा आणि हृदयाची तपासणी, दोन्ही लागतात.

‘कम’चा परिवार आणखी मोठा आहे, आणि तो मराठी माणसाला सहज जवळचा वाटावा असा आहे. आपल्याकडे काय काय ‘येते’ पाहा : ताप येतो, चक्कर येते, घाम येतो, तोंड येते, डोळे येतात. ‘माझे डोळे आले आहेत’ याचे शब्दशः इंग्रजी करून कोणा परदेशी डॉक्टरास सांगितले, तर कोठून आले असे तो विचारील. आपल्या भाषेतले हे वैचित्र्य आपल्याला जाणवत नाही, कारण आपण त्यातच वाढलो. इंग्रजाचेही तसेच. तो ‘कम डाउन विथ फ्लू’ म्हणतो तेव्हा त्याला तापाने गाठलेले असते. ‘कम आउट इन अ रॅश’ म्हणजे अंगावर पुरळ उठणे, ‘कम ओव्हर डिझी’ म्हणजे एकाएकी भोवळ येणे, ‘कम राउंड’ म्हणजे शुद्धीवर येणे. आणि ‘कम ऑफ’चा अर्थ मी वर मोल देऊन शिकलो आहेच. तेथे ‘ऑन’ आणि ‘ऑफ’ ही जोडी पक्की ध्यानात ठेवावी. ‘आय अ‍ॅम ऑन’ अमुक औषध, म्हणजे चालू. ‘ऑफ’ म्हणजे बंद. ‘ऑफ माय फूड’ म्हणजे अन्न नकोसे झाले, अरुची. परंतु ‘ऑफ’ म्हणजे सदैव बंद असे सूत्र करू नये. घड्याळाचा गजर ‘गो ऑफ’ होतो तेव्हा तो बंद होत नाही, वाजू लागतो.

ब्रिटिश आणि अमेरिकन रुग्णांतही भेद आहे. ‘ही वॉज सिक ट्वाइस’ असे ब्रिटिश बाई म्हणाली, तर त्याला दोनदा वांती झाली. अमेरिकन माणूस ‘सिक’ म्हणतो तेव्हा बहुधा केवळ आजारी असा अर्थ असतो. पायात गोळा आला की अमेरिकन त्याला ‘चार्ली हॉर्स’ म्हणतो. १८८० च्या दशकात बेसबॉलच्या खेळाडूंत हा शब्द प्रचारात आला. त्यात घोडा शोधत बसू नये. मुंग्या येणे म्हणजे ‘पिन्स अँड नीडल्स’, घसा घोगरा होणे म्हणजे ‘फ्रॉग इन द थ्रोट’, ढाळ लागणे म्हणजे ‘द रन्स’. सभ्य वृद्ध इंग्रज लघवीच्या तक्रारीला ‘वॉटरवर्क्स’ म्हणेल आणि नजर दुसरीकडे वळवील. ‘हार्टबर्न’ या शब्दात हृदय असले तरी व्याधी आम्लपित्ताकडची, जळजळ अन्ननलिकेची. तथापि रुग्णाने स्वतः ‘हार्टबर्न’ म्हटले म्हणून हृदयाकडे दुर्लक्ष करू नये. हृच्छूलाचे रुग्णही तोच शब्द वापरतात. डावा हात, जबडा, घाम, श्रमाने वाढणे हे स्वतंत्रपणे विचारावे.

वाक्प्रचारांचा एक थर असा आहे, की त्यात प्राचीन वैद्यक आजही शिल्लक आहे. ग्रीक वैद्यकाने रक्त, कफ, पीत पित्त आणि कृष्ण पित्त असे चार द्रव मानले. दुसऱ्या शतकात गॅलेनने त्या मताला दृढ रूप दिले. ‘ह्यूमर’ शब्दाचा मूळ अर्थ द्रव असाच आहे. ‘गुड ह्यूमर’मध्ये असलेला माणूस म्हणजे ज्याचे द्रव समस्थितीत आहेत तो. आशावादी तो ‘सँग्विन’ (रक्तप्रधान), थंड स्वभावाचा तो ‘फ्लेग्मॅटिक’ (कफप्रधान), खिन्न तो ‘मेलँकॉलिक’ (कृष्णपित्तप्रधान). राग बाहेर काढणे याला ‘व्हेंट वन्स स्प्लीन’ म्हणजे प्लीहा मोकळी करणे म्हणतात. आपल्या विद्यार्थ्यांना हे सांगितले की ते लगेच त्रिदोषांशी जुळवणी करू लागतात. ती बेताने करावी. ग्रीकांकडे वाताला स्थान नाही, आणि आपल्याकडे रक्ताला सुश्रुताचार्यांनी विशेष महत्त्व दिले तरी दोष तीनच राहिले. सादृश्य आहे, ऐक्य नाही.

म्हणींबाबतही तसेच. ‘फीड अ कोल्ड, स्टार्व्ह अ फीव्हर’, म्हणजे पडशाला खाऊ घाला, तापाला उपाशी ठेवा, ही म्हण ऐकून आपल्याला ज्वरातील लंघन आठवते. पण चरकाचार्यांनी क्षय, वात, भय, क्रोध, काम, शोक आणि श्रम यांपासून उद्भवलेल्या ज्वरांत लंघन वर्ज्य सांगितले आहे. म्हणीला असे अपवाद ठाऊक नाहीत. दुसरी म्हण मद्यपानाच्या दुसऱ्या दिवशीची. चावलेल्या कुत्र्याचाच केस जखमेवर लावावा, या जुन्या समजुतीवरून, सकाळी पुन्हा थोडे मद्य घेणे याला ‘हेअर ऑफ द डॉग’ म्हणतात. मदात्ययात मद्यानेच चिकित्सा चरकसंहितेतही आहे. परंतु तेथे दोष, मात्रा, काल यांचा विचार आहे, आणि एखाद्या पर्यटकाने हसत हसत हा वाक्प्रचार उच्चारला तर त्याच्या रोजच्या मद्यपानाचे प्रमाण विचारून घेण्याची ती संधी असते. रोजच्या सफरचंदाची म्हण सर्वांना पाठ आहे. तिचे जुने रूप १८६६ मध्ये वेल्समधील पेम्ब्रोकशायरची म्हण म्हणून छापले गेले, आणि त्यात झोपताना सफरचंद खाऊन वैद्याची भाकरी तोडण्याची भाषा होती!

हे सारे पाठ करणे शक्य नाही, आणि कोशातून पाठ केलेली बोली तोंडात विचित्रही वाटते. बोलताना आपण साधेच बोलावे. कळून मात्र बरेच काही घ्यावे. दवाखान्यात मी एक लहान वही ठेवली आहे. न कळलेला प्रयोग रुग्णासमोरच तिच्यात देवनागरीत लिहितो आणि त्यालाच अर्थ विचारतो. प्रथम संकोच वाटला, पण आजवर एकाही रुग्णाने त्याचा अनादर केला नाही. उलट तो सावकाश बोलू लागतो.

आणि गोळ्यांविषयी आता मी असे विचारतो : आज सकाळी कोणती गोळी घेतली? काल? शेवटची केव्हा? पाकीट दाखवा. पाकिटातील गोळ्या मोजल्या की क्रियापदाची गरज उरत नाही.