संगणकाच्या आरंभ-व्यवस्थेत बदल करण्यापूर्वी

शाळेतील संगणकाचे बटण दाबल्यावर, विंडोज दिसू लागण्यापूर्वी काही क्षण यंत्राची सूत्रे मुख्य फलकावरील ‘फर्मवेअर’ या मूळ आज्ञावलीकडे असतात. सुरू व्हावयाच्या प्रणालीवर विश्वसनीय स्वाक्षरी आहे किंवा नाही, हे ती पाहते. या तपासणीस ‘सिक्युअर बूट’ म्हणतात. २०१२ सालच्या विंडोज ८ पासून तिचा प्रसार झाला.

पेनड्राइव्हवरून लिनक्स बसविताना ही तपासणी आधीच बंद करण्याचा प्रघात पडला आहे, तो बरा नव्हे. उबुंटूसारखी प्रणाली ती चालू असतानाही सुरू होते.

खरा धोका निराळाच आहे. डिस्कला बिटलॉकरचे कुलूप असेल, तर या बदलानंतर यंत्र ४८ अंकी किल्ली मागू शकते. ती नसेल तर निकालपत्रके व हजेरीपट आतच अडकतात. दुरुस्ती करणाराही ते काढून देऊ शकत नाही. पुष्कळ यंत्रांवर हे कुलूप आपोआप लागलेले असते, आणि शिक्षकास त्याची वार्ताही नसते! अशा वेळी किल्ली बहुधा यंत्र प्रथम ज्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू झाले, त्या खात्यात असते. ते खाते बदली झालेल्या गुरुजींचे निघाले, तर पंचाईतच.

म्हणून शिक्षकबंधुभगिनींनी प्रथम किल्ली कागदावर उतरवून मुख्याध्यापकांच्या कुलपाच्या कपाटात ठेवावी, बिटलॉकर तात्पुरते स्थगित करावे, मगच एफ-२ किंवा डिलीट (कळ कंपनीगणिक बदलते) दाबून आत शिरावे. फर्मवेअरला परवलीचा शब्द घातल्यास तोही लिहून ठेवावा. जुन्या मेज-संगणकांत तो बॅटरी काढून पुसता येई. कित्येक लॅपटॉपांत तो उपाय चालत नाही.