सिकलसेल आणि जनुक-दुरुस्ती

पुण्याच्या हडपसर भागातील सीरम इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया ही संस्था १९६६ साली स्थापन झाली. धनुर्वात, घटसर्प, गोवर इत्यादी रोगांवरील तिच्या लसी प्राथमिक आरोग्य केंद्रांमार्फत खेड्यापाड्यांत पोहोचल्या आहेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये या संस्थेकडे एक अगदी निराळे काम आले. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या दिल्ली येथील जिनोमिक्स संस्थेने सिकलसेल आजारावर जनुक-दुरुस्तीचा एक उपचार विकसित केला असून, त्याचे तंत्रज्ञान सीरम इन्स्टिट्यूटला हस्तांतरित करण्यात आले. या उपचारास 'बिरसा १०१' असे नाव देण्यात आले आहे. ज्या आदिवासी समाजांना या आजाराची झळ विशेष पोहोचते, त्यांचे थोर नेते बिरसा मुंडा यांचे हे स्मरण होय.

तंत्रज्ञान हस्तांतरित झाले म्हणजे औषध रुग्णालयात आले, असे मात्र नव्हे. रुग्णांवरील चाचण्या, सुरक्षिततेची खातरजमा आणि औषध नियंत्रकांची मान्यता हे टप्पे ओलांडल्यावाचून कोणताही उपचार सर्वांसाठी खुला होत नाही. तोवर 'जनुकाचे इंजेक्शन' देतो असे सांगून कोणी पैसे मागू लागल्यास ती फसवणूक समजावी.

एका अक्षराचा फरक

रक्तातील तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन नावाचे प्रथिन असते व ते शरीरभर प्राणवायू वाहून नेते. ते कसे बनवावयाचे याची आज्ञा आपल्या जनुकांत रासायनिक अक्षरांनी लिहिलेली असते. हिमोग्लोबिनच्या एका साखळीच्या जनुकात जेथे 'जी-ए-जी' ही अक्षरे हवीत, तेथे सिकलसेलच्या रुग्णात 'जी-टी-जी' असतात. मानवाच्या सुमारे तीनशे कोटी अक्षरांतील हा एका अक्षराचा फरक. परंतु त्यामुळे प्राणवायू कमी पडताच तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी व ताठर होते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि असह्य वेदनांचे झटके येतात. पांडुरोग, वारंवार होणारा जंतुसंसर्ग, पक्षाघात हे पुढचे धोके.

शिकागो येथील डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० साली अशा पेशींचे प्रथम वर्णन केले. भारतात १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये त्या आढळल्या. महाराष्ट्रात गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, अमरावती, नंदुरबार आदी जिल्ह्यांत हा आजार दिसतो. तो केवळ आदिवासींचा आहे, ही समजूत बरोबर नाही. विदर्भात इतर समाजांतही त्याचे रुग्ण आहेत. सदोष जनुक एकाच पालकाकडून आलेले असल्यास ती व्यक्ती 'वाहक' असते आणि सहसा निरोगी राहते. इतकेच नव्हे, तर तीव्र हिवतापापासून तिला काहीसे संरक्षणही मिळते. हिवतापाच्या जंगलपट्ट्यांत हे जनुक पिढ्यान्‌पिढ्या का टिकून राहिले, याचे कारण हेच.

गट क्रमांक आणि मोजणीदार

जनुक-दुरुस्तीची ही रीत शास्त्रज्ञांना जीवाणूंकडून मिळाली. विषाणूने हल्ला केला की काही जीवाणू त्याच्या जनुकीय धाग्याचा तुकडा आपल्यापाशी नोंदवून ठेवतात. पुन्हा तोच विषाणू आला म्हणजे त्या नोंदीची आर.एन.ए. प्रत कॅस नावाच्या विकराला वाट दाखविते आणि विकर विषाणूचा धागा कापून टाकतो. इमॅन्युएल शार्पेंतिए व जेनिफर डाउडना यांनी २०१२ साली ही यंत्रणा हव्या त्या जागी वळविता येते, हे दाखविले. २०२० चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. मानवी पेशींत तिचा उपयोग २०१३ पासून होऊ लागला.

जमिनीच्या मोजणीचे उदाहरण घेता येईल. मोजणीदारापाशी साधने असली तरी गट क्रमांक कळल्यावाचून त्याला योग्य बांध सापडत नाही. येथे कॅस हा मोजणीदार, तर सुमारे वीस अक्षरांची आर.एन.ए. हा गट क्रमांक. खरा धोका असतो तो सारख्या दिसणाऱ्या क्रमांकाचा. भलत्याच जागी काप गेला तर चांगले जनुक बिघडावयाचे. दिल्लीच्या संस्थेतील डॉ. देबोज्योती चक्रवर्ती, डॉ. सौविक मैती आणि त्यांचे सहकारी यांनी म्हणूनच फ्रान्सिसेला जातीच्या जीवाणूतील कॅस-९ निवडला. एखाददुसऱ्या अक्षराचा फरकही तो चांगला ओळखतो. २०२० साली करोनाच्या निदानासाठी आलेली 'फेलुदा' चाचणी याच विकरावर आधारलेली होती.

आपल्याकडे जनुक म्हटले की बी.टी. कापूस आठवतो. तेथे परक्या जीवाणूचे जनुक झाडात घातलेले असते. येथे रुग्णाच्या स्वतःच्याच जनुकात फेरफार करावयाचा असतो. त्याचे दोन मार्ग आहेत. एक, चुकलेले अक्षर सुधारणे. दुसरा अधिक आडवळणाचा, पण मोठा युक्तीचा. गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन निराळे असते व ते वाकत नाही. म्हणूनच सिकलसेलच्या बाळाला पहिले काही महिने त्रास जाणवत नाही. जन्मानंतर एक जनुक त्याचे उत्पादन थांबविते. तो लगाम सैल केला की गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागते. ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये व अमेरिकेने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मान्य केलेला 'कॅसजेव्ही' हा उपचार याच तत्त्वावर आहे. चाचणीतील ३१ रुग्णांपैकी २९ जणांना निदान वर्षभर तीव्र झटका आला नाही. त्याची अमेरिकेतील किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे अठरा कोटी रुपयांहून अधिक आहे. पुण्यातील कामाचे महत्त्व या आकड्यावरून ध्यानी यावे.

खर्च कमी झाला तरी हा उपचार सोपा होणार नाही. या पद्धतीत रुग्णाच्या रक्त बनविणाऱ्या मूळपेशी बाहेर काढून प्रयोगशाळेत दुरुस्त करतात. नंतर तीव्र औषधांनी त्याच्या अस्थिमज्जेतील जुन्या पेशी नष्ट करून दुरुस्त पेशी परत सोडतात. त्यासाठी कित्येक आठवडे रुग्णालयात राहावे लागते आणि त्या औषधांमुळे वंध्यत्व येण्याचाही संभव असतो.

जे बदलत नाही

या उपचाराविषयी एक गोष्ट बहुधा सांगावयाची राहून जाते. दुरुस्ती होते ती रक्ताच्या मूळपेशींची, बीजपेशींची नव्हे. चीनमध्ये २०१८ साली गर्भातच फेरफार करून मुले जन्माला घातल्याचे उघड झाले, तेव्हा जगभर निषेध झाला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा फेरफारास आपल्याकडे मनाई आहे. तेव्हा झटके थांबलेला रुग्णही सदोष जनुकच पुढे देतो. त्याची पत्नी वाहक असेल, तर प्रत्येक अपत्यास आजार होण्याची शक्यता निम्मी राहते. पत्नीचे जनुक निर्दोष असेल, तर एकाही अपत्याला आजार होणार नाही, पण सर्व वाहक होतील. दोघेही वाहक असल्यास ही शक्यता प्रत्येक खेपेस चारांत एक असते. लग्नापूर्वीच्या रक्ततपासणीची गरज त्यामुळे नव्या उपचारानंतरही राहणारच.

१ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवलेले आहे. विद्राव्यता चाचणीत दोष आढळला म्हणजे व्यक्ती वाहक की रुग्ण, हे इलेक्ट्रोफोरेसिससारख्या दुसऱ्या तपासणीनेच ठरते. ही दुसरी तपासणी राहून गेलेली नावे ग्रामपंचायत सदस्यांनी आशा कार्यकर्तीकडून समजून घेऊन त्यांचा पाठपुरावा करावा. वाहकाला आजारी समजून त्याचे लग्न मोडणे अन्यायाचे आहे. दोन वाहकांनी परस्परांशी विवाह करण्यापूर्वी समुपदेशन घ्यावे, एवढाच त्याचा अर्थ.

शिक्षकांनी अशा विद्यार्थ्याला वर्गात केव्हाही पाणी पिऊ द्यावे व लघवीला जाऊ द्यावे, कारण शरीरातील पाणी कमी झाले की झटका येऊ शकतो. त्याला उन्हात उभे करू नये, दमविणारे खेळ त्याच्यावर लादू नयेत. ताप अथवा छातीत दुखणे हे सुटीची घंटा होईपर्यंत थांबण्याजोगे दुखणे नव्हे. झटक्यांचे प्रमाण कमी करणारे हायड्रॉक्सियुरिया हे गोळीचे औषध आजही उपलब्ध असून ते वैद्यकीय देखरेखीखाली नियमितपणे घ्यावयाचे असते.