एका ओळीतली बिल्ड सिस्टिम

प्रश्न : लिनक्सवर सोर्समधून प्रोग्राम तयार करायचा तर सहसा ‘कॉन्फिगर’, ‘मेक’ आणि ‘मेक इन्स्टॉल’ हे आदेश द्यावे लागतात. गीक्स या पॅकेज मॅनेजरमध्ये ‘हॅलो’ या प्रोग्रामची व्याख्या उघडून पाहिली, तर त्यात यातला एकही आदेश नाही. नुसतं ‘ग्नू-बिल्ड-सिस्टिम’ एवढंच लिहिलंय. मग प्रोग्राम तयार होतो कसा?

उत्तर : ते तिन्ही आदेश त्या ओळीमागे आहेतच. ग्नूच्या वळणाचे असंख्य प्रोग्राम याच क्रमाने बांधले जातात, म्हणून तो क्रम गीक्समध्ये स्कीम भाषेत एकदाच लिहून ठेवलाय: सोर्स उलगडणं, कॉन्फिगर, बांधणी, चाचणी, इन्स्टॉल. कंपाइल करून घेण्याचं काम मेकच करतं. बिल्ड सिस्टिम त्याला वेळच्या वेळी बोलावते. रस्टसाठी कार्गोची, पायथनसाठी पायथनची, अशा वेगवेगळ्या बिल्ड सिस्टिम आहेत.

खरी गंमत मधल्या, सहज नजरेआड होणाऱ्या टप्प्यांत आहे. गीक्स प्रत्येक पॅकेज बाकी सिस्टिमपासून तोडलेल्या जागेत बांधतं. तिथे इंटरनेट नाही, तुमची होम डिरेक्टरी नाही, इतकंच काय ‘/बिन/एसएच’सुद्धा नाही. पण सोर्समधल्या कितीतरी स्क्रिप्टांची पहिली ओळ नेमका तोच पत्ता सांगते! म्हणून कॉन्फिगरच्या आधी एक टप्पा अशा ओळी शोधतो आणि तिथे गीक्स पॅकेजं ठेवतं त्या ‘/ग्नू/स्टोअर’मधल्या बॅशचा पूर्ण पत्ता घालतो. हे काम प्रत्येक पॅकेजकर्त्याला हाताने करावं लागलं असतं, तर गीक्स उभंच राहिलं नसतं असं मला वाटतं.

स्टोअरमधल्या पत्त्यात एक लांबलचक हॅश असतो. सोर्स, कंपाइलर, लायब्ररी, दिलेले पर्याय आणि बिल्ड सिस्टिमचा स्वतःचा कोड, या सगळ्यांवरून तो ठरतो. त्यामुळे ग्नू-बिल्ड-सिस्टिममध्ये एक ओळ जरी बदलली, तरी हजारो पॅकेजांचे पत्ते बदलतात आणि ती सगळी नव्याने बांधावी लागतात. तिथे कुणी घाईने हात घालत नाही, ते याचसाठी.

एखादा प्रोग्राम रुळलेल्या वाटेने जात नसेल, तर तेवढाच टप्पा बदलता येतो. कॉन्फिगर स्क्रिप्टच नसेल तर तो टप्पा वगळायचा, हे नेहमीचंच. चाचण्याही बंद करता येतात. पण तसं केलंत तर शेजारी कारण लिहाच. ते नसलं की पुढच्या माणसाला चाचणी मोडली होती की कंटाळा आला होता, हे कळायला मार्ग राहत नाही.

हे सगळं डोळ्यांनी पाहायचं असेल तर ‘गीक्स बिल्ड हॅलो’ एकदा चालवा, मग तोच आदेश ‘--चेक’ जोडून द्या. प्रत्येक टप्पा कधी सुरू झाला, किती सेकंदांत संपला, हे पडद्यावर येईल. नवी बांधणी जुनीशी बिट-न्-बिट जुळली नाही, तर तेही तो सांगतो.