शेपटीवरचा नंबर खरा मानावा का?

प्रश्न : संग्रहालयात ठेवलेलं जुनं लष्करी विमान खरोखर मोहिमेवर गेलं होतं का, हे सामान्य माणसाला शोधता येतं का? शेपटीवरचा नंबर पुरेसा असतो का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : शोधता येतं, पण नुसत्या त्या नंबरावर विसंबू नका. रंग कुणालाही देता येतो. आपल्या हवाई दलाचं 'परशुराम' हे डाकोटा ब्रिटनमध्ये दुरुस्त होऊन २०१८ साली भारतात आलं. त्यावरचा व्हीपी ९०५ हा नंबर मात्र २७ ऑक्टोबर १९४७ रोजी श्रीनगरला सैनिक घेऊन उतरलेल्या डाकोटाचा. स्मरण म्हणून तो उघडपणे दिलेला आहे, त्यात लपवाछपवी काही नाही. तरी फोटो पाहून 'हेच ते विमान' म्हणणारे पुष्कळ भेटतात.

खरी ओळख असते ती कारखान्याच्या क्रमांकात. तो बहुधा कॉकपिटमध्ये किंवा दरवाजाच्या चौकटीजवळ रिव्हेट मारून बसवलेल्या छोट्या धातूच्या पाटीवर सापडतो. हवाई दलं बदलली, नंबर बदलले, तरी हा क्रमांक बदलत नाही.

याचं उत्तम उदाहरण कानपूरचं आहे. दुसरं महायुद्ध संपल्यावर लिबरेटर बॉम्बफेकी विमानं कानपूरला मोडतोड करून टाकून दिली होती. हिंदुस्थान एअरक्राफ्टने ती जागेवरच उडण्यापुरती ठाकठीक केली आणि कंपनीचे वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती एकेक करून बंगळूरला उडवत नेली! तिथे पक्की दुरुस्ती झाली आणि १९६८ पर्यंत ती आपल्या हवाई दलात राहिली. म्हणूनच आज जगात उरलेल्या मोजक्या लिबरेटरांपैकी बरीच भारतातून गेलेली आहेत. लंडनच्या आरएएफ म्युझियममधलं केएन ७५१ आपल्याकडे एचई ८०७ होतं. अमेरिकेतल्या कॉलिंग्ज फाउंडेशनच्या विमानाला तर 'विचक्राफ्ट' या दुसऱ्याच नामांकित विमानाचं नाव आणि रंग देण्यात आला होता. त्याचं स्वतःचं आयुष्य ब्रिटिश आणि भारतीय हवाई दलांत गेलेलं.

क्रमांक हाती आला की कागद बोलू लागतात. ब्रिटिश स्क्वाड्रनच्या रोजनिश्या लंडनला क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये 'एआयआर २७' या मालिकेत आहेत. कोणतं विमान कुठल्या दिवशी उडालं, आत कोण होतं, परतलं का, हे त्यांत बहुतेक वेळा सापडतं. मोहिमेचा पुरावा हवा असेल तर तो इथेच. पाटीवरून विमान ओळखता येतं, त्याचा पराक्रम नव्हे.

पाटीचीही एक गंमत आहे. काही स्पिटफायर जुन्या पाटीभोवती जवळजवळ सगळा नवा धातू घालून उभी केली आहेत. कायद्याने ती जुनीच. मला विचाराल तर ती उत्तम नवी विमानं आहेत.

सुरुवात घराजवळून करा. वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरमध्ये जर्मन अभियंते कुर्ट टँक यांच्या आराखड्याचं 'मारुत' हे लढाऊ विमान आहे. गोव्यात बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयातलं सुपर कॉन्स्टेलेशन आधी एअर इंडिया, मग हवाई दल, मग नौदल असं फिरलेलं. म्हणजे एका सांगाड्याला तीन नंबर. दिसतील तेवढ्या पाट्यांचे फोटो घ्या आणि संग्रहालयाला पत्र लिहाल तेव्हा फोटो सोबत जोडा. फक्त, पाटी नीट वाचता यावी म्हणून रंग खरवडू नका.